ओजिमातली गव्हाची पेंढी

गव्हाची ती पेंढी मी कचऱ्यात टाकली. मोरी-सानांनी नाही, वाऱ्याने नाही, आणखी कुणीही नाही. हे आधीच लिहून टाकतो. डिसेंबरात जपानला जाऊन आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय, कसा झाला प्रवास?" आणि मी फुजी दिसला, संत्री खाल्ली, थंडी फार, असं काहीबाही सांगून सुटका करून घेतो. खरा प्रवास सांगायचा तर पेंढीपासूनच सांगायला हवा.

आणखी एक कबुली. माझी नोकरी गव्हाची आहे. सव्वीस वर्षं मी गव्हाच्या वाणांवर काम करतो. ओंबी हातात घेतली की दाणा कसा भरलाय ते न सोलता सांगतो. तेव्हा 'काय आहे ते कळलं नाही' ही सबब इतर कुणाला शोभली असती, मला नाही.

२० डिसेंबर, ओजिमा

बावीस वर्षांपूर्वी मी टोकियोशेजारच्या इचिकावाला तीन वर्षं होतो, पोस्टडॉक म्हणून. तेव्हा बहीण मीना कॉलेजात होती आणि मला पत्रातून विचारायची, "दादा, तिकडे कोथिंबीर मिळते का रे?" आता तीच टोकियोच्या ओजिमा भागात अकरा वर्षं राहते आहे. तिचा नवरा शिरीष एका बँकेच्या संगणक विभागात आहे, ती स्वतः पाळणाघरात काम करते. मुलगा शिकायला ओसाकाला. त्याच्या रिकाम्या खोलीत माझी सोय केली होती. घर सरकारी वसाहतीत, सातव्या मजल्यावर. बाहेर लांबच लांब उघडी गॅलरी आणि तिच्यात ओळीने सगळ्यांची दारं.

पहिल्या दिवशी मीनाने पिठलं-भात केला. कोथिंबीर खाली दोन मिनिटांवरच्या भारतीय दुकानातली. बावीस वर्षांपूर्वी मी जिच्यासाठी दीड तास प्रवास करायचो ती जुडी आता जिना उतरून मिळते, हे पाहून बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

जेवण आटपतंय तोच दारावर टकटक झाली. शेजारच्या हालिना-सान. सान म्हणजे जपान्यांचं 'जी'. साठीच्या, उंच, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. पोल्टावाकडच्या एका खेड्यात शाळेत गाणं शिकवायच्या. त्यांच्या देशात युद्ध सुरू झालं तेव्हा मुलीबरोबर इथे आल्या, मुलगी पुढे नोकरीसाठी कॅनडाला गेली, या इथेच राहिल्या. त्यांचं जपानी मोडकं, माझं गंजलेलं. त्यामुळे आमचं दोघांचं छान जमलं. आम्ही एकमेकांना पूर्ण वाक्याची सक्ती करत नव्हतो.

"मीना-सान, खसखस," त्या म्हणाल्या.

"पांढरीच आहे हं. तुमच्यासारखी काळी नाही."

"चालेल. मागच्या वर्षी पांढरीच खाल्ली. कुणी तक्रार केली नाही."

मीनाने माझी ओळख करून दिली, "हा माझा मोठा भाऊ. गव्हाचा शास्त्रज्ञ आहे."

हालिना-सानांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझा उजवा हात उचलून तळवा पाहिला, आपल्याकडे ज्योतिषी पाहतात तसा. "शेतकऱ्याचा नाही," त्या म्हणाल्या, "पण चालेल. चोवीसच्या संध्याकाळी यांना माझ्याकडे काम आहे."

काय काम ते सांगितलं नाही. शिरीष मला म्हणाला, "दादा, गेल्या वर्षी ते काम माझ्याकडे होतं. मी शंभर येनच्या दुकानातलं शोभेचं गवत नेलं होतं. बाई काही बोलल्या नाहीत, पण यंदा मला बढती नाही, एवढं कळलं."

२२ डिसेंबर, सोमवार

इथे वर्षातला सगळ्यात लहान दिवस. मी पहाटे पाचलाच उठलो होतो. पाहुणा म्हणून दोन दिवस आयतं खाऊन झालं होतं, काहीतरी उपयोगी पडावं अशी खुमखुमी होती. आणि खरं सांगायचं तर मीनाला दाखवायचं होतं की दादाला जपान अजून येतं. लिफ्टजवळ वसाहतीच्या मंडळाची सूचना लावली होती. मी ती अडखळत का होईना, वाचली. वर्षअखेरची साफसफाई आहे, गॅलरीत सामान ठेवू नये. मीनाही आदल्या रात्री म्हणाली होती, "बाहेरच्या कोपऱ्यातला पसारा काढायचाय."

तो कोपरा मीनाच्या आणि हालिना-सानांच्या दारांच्या मधला. तिथे मोडक्या छत्र्या होत्या, पुठ्ठ्याची खोकी होती, आणि भिंतीला टेकून सुतळीने बांधलेली गव्हाची पेंढी होती. मी एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारून कुसळं उडवली. दाणा बारीक होता पण टणक. लक्षात आहे, मनात म्हटलंसुद्धा, बरा आहे. आणि मग घरातून कात्री आणून पेंढीचे तीन तुकडे केले, म्हणजे पिशवीत बसतील. सोमवार हा जाळायच्या कचऱ्याचा दिवस. छत्र्यांचा दिवस वेगळा, पुठ्ठ्याचा वेगळा, हे सगळं मला बिनचूक आठवत होतं. पिशवी खाली नेऊन कचऱ्याच्या जागेवर ठेवली, गाठ नीट मारून. वर आलो तेव्हा छाती फुगलेली होती.

तो दिवस छान गेला. दुपारी बाजारातून मीनाने युझू आणली. जपानी लोक या दिवशी ही सुवासिक लिंबं गरम पाण्याच्या टबात सोडून त्यात बसतात, आणि भोपळा खातात. मी गळ्यापर्यंत पाण्यात बसलो, भोवती पिवळी लिंबं तरंगत होती. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई उटणं लावायची तेव्हाचा वास यात कुठे नव्हता, पण अंगावर काटा तोच आला.

संध्याकाळी हालिना-सान आल्या. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मीना-सान, माझे आजोबा हरवले."

मीना घाबरली. मग समजलं ते असं. त्यांच्याकडे त्या पेंढीला दीदुख म्हणतात. शब्दाचा अर्थच आजोबा, पूर्वज. सुगीतल्या कापणीची एक पेंढी राखून ठेवायची. हिवाळ्यात शेत ओसाड पडतं तेव्हा घराण्यातले गेलेले लोक त्या पेंढीत राहतात. मग सूर्य परततो त्या दिवसांत, सणाच्या संध्याकाळी, पहिली चांदणी दिसली की घरातला पुरुष पेंढी बाहेरून आत आणतो आणि पवित्र कोपऱ्यात उभी करतो. आजोबा घरी येतात. त्या संध्याकाळपर्यंत पेंढीने बाहेरच राहायचं असतं.

"म्हणून गॅलरीत," त्या म्हणाल्या. "खळं कुठून आणू? सातवा मजला."

पूर्वी हा सण जानेवारीत असायचा, आता त्यांच्याकडे चोवीस डिसेंबरला करतात. "तारीख पाद्री बदलतात," त्या म्हणाल्या, "पेंढी त्यांच्याही आधीची. येशू यायच्या आधीची. आमची जुनी गाणी ऐका. त्यांत सूर्य पाहुणा येतो, चंद्र येतो, पाऊस येतो. दोन कबुतरं समुद्राच्या तळातून वाळू आणतात आणि तिची जमीन होते. येशू कुठे आहे? चर्च आलं, त्यांना गाणी बंद करता येईनात, मग त्यांनी शेवटी एक ओळ जोडली. नांगरणीची गाणी आम्ही बर्फात गातो, कारण खूप पूर्वी आमचं नवं वर्ष वसंतात होतं. दिवस सरकला, गाणी तीच राहिली."

"आमचा पाडवा अजून वसंतातच आहे," मीना म्हणाली.

"मग तुम्ही जुने," हालिना-सान म्हणाल्या आणि पहिल्यांदा थोडं हसल्या.

हे सगळं मी ऐकत होतो. हातात भोपळ्याची वाटी होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पुढे त्यांनी सांगितलं ते ऐकून जीभ उचलेना. त्यांचा नवरा गावीच राहिला होता. गाय सोडून येईना. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तो तिथेच वारला, आणि यांना जाता आलं नाही. मग इचिकावातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे वाफा मागून त्यांनी स्वतः गहू पेरला, जूनमध्ये स्वतः कापला. सहा महिने पेंढी बाल्कनीत टांगून सांभाळली. शनिवारी ती बाहेर ठेवली, कारण सण जवळ आला. यंदा पहिल्यांदा तो पेंढीतून घरी येणार होता.

"शेजारच्या इमारतीतली मुलं असतील," शिरीष म्हणाला.

मी म्हणालो, "वाराही होता सकाळी."

वारा नव्हता.

२३ डिसेंबर, ओजिमा ते इचिकावा

सकाळी नऊला गॅलरीत बोलणं ऐकू आलं म्हणून दार उघडलं. हालिना-सानांच्या दारात मोरी-सान उभे होते. तळमजल्यावर राहणारे, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, या महिन्यात कचऱ्याच्या जागेवर लक्ष ठेवायची पाळी त्यांची. अंगात कोट-टाय, हातात संत्र्यांची पेटी. मीना हळूच माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि त्यांचं बोलणं मला मराठीत सांगू लागली.

सोमवारी सकाळी कावळ्यांनी एक पिशवी फाडली होती. आत गव्हाच्या काड्या होत्या. मोरी-सानांनी कावळे हाकलले, काड्या गोळा करून पुन्हा पिशवीत भरल्या आणि वर जाळी ओढली. मग गाडी आली. आदल्या रात्री हालिना-सान खाली सगळ्यांना विचारत होत्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. "मी पाहिलं आणि ओळखलं नाही," ते म्हणत होते. "चौकशी करायला हवी होती. पाळी माझी होती." आणि ते कमरेतून वाकले. इतका वेळ वाकून राहिले की मला त्यांच्या मानेवरचे पांढरे केस मोजता आले असते.

"मोऊशिवाके आरिमासेन," ते म्हणाले. माझ्याकडे सबब नाही.

हालिना-सान त्यांना उठवायला पाहत होत्या. मी दाराची मूठ धरून उभा होतो, चार हातांवर. कावळे म्हटल्यावर मला घाटावरचं वडिलांचं पान आठवलं. वडील गेले तेव्हा मी इचिकावात होतो. प्रयोग अर्धवट होता, तिकीट मिळायला उशीर झाला, पोचलो तो तेराव्याला. कावळा शिवला तेव्हा मी तिथे नव्हतो. मीना होती.

"दादा, आत चल, थंडी आहे," मीना म्हणाली. मी आत गेलो.

मग मी घाबरट माणूस करतो ते केलं. भरपाई शोधायला निघालो. इचिकावाला जाऊन येतो, जुनं घर पाहायचंय, असं सांगितलं. नदी ओलांडताना गाडीतून पूल दिसला, त्याच्या खालच्या मैदानात मुलं बेसबॉल खेळत होती, बावीस वर्षांपूर्वीसारखीच. माझी दोन खोल्यांची जुनी इमारत पाडून तिथे गाड्या लावायची जागा केली होती. कोपऱ्यावरच्या नूडलच्या दुकानात आता मुलगा बसतो. बाप भिंतीवर फोटोत. मी एक वाटी खाल्ली. चव तीच होती, किंवा मला तशी हवी होती.

विचारत विचारत हालिना-सानांचा तो म्हातारा शेतकरीही सापडला. मी गहू मागितला. त्याने मला वाफ्यापाशी नेलं. नोव्हेंबरात पेरलेला गहू, बोटभर हिरवा, गारठ्यात मान खाली घालून उभा. ओंब्या जूनमध्ये, तो म्हणाला आणि माझ्याकडे असं पाहिलं की हे याला कुणी शिकवलं नाही का. डिसेंबरात गव्हाची वाळलेली ओंबी शोधायला मी, गव्हाचा माणूस, एवढा लांब गेलो होतो.

परतताना एका देवळापुढे वर्षअखेरचा बाजार भरला होता. जपानी लोक नव्या वर्षासाठी दारावर भाताच्या पेंढ्याचे गोफ टांगतात. वर्षाचा देव डोंगरातून येतो, त्याला घर ओळखू यावं म्हणून. विकणारी म्हातारी म्हणाली, काही लोक म्हणतात तो देव म्हणजे आपलेच गेलेले आजे-पणजे. एका टोपलीत भाताच्या लोंब्यांच्या जुड्या होत्या, दाण्यांनी वाकलेल्या. मी सगळ्यात मोठी घेतली. गाडीत ती मांडीवर उभी धरून बसलो होतो. समोरच्या बाईंनी तिला लागू नये म्हणून पाय आखडून घेतले.

२४ डिसेंबर, हालिना-सानांचं घर

मी ती जुडी दुपारी त्यांना दिली. "तुमची हरवली म्हणून," एवढंच म्हणालो. ठरवलं होतं की देताना सांगायचं. त्यांनी जुडी दोन्ही हातांत घेतली, वास घेतला आणि मला मिठी मारली. मीना मागून म्हणाली, "दादा, तू यासाठी गेला होतास होय इचिकावाला?" तिच्या आवाजात इतकं कौतुक होतं की मी गप्प बसलो.

संध्याकाळी साडेचारलाच अंधारून आलं. गॅलरीतून चांदणी दिसली ती इमारतींच्या मधल्या फटीत. मी दाराबाहेर उभा, हातात भाताची जुडी, तिला आता हालिना-सानांनी लाल भरतकामाचा टॉवेल गुंडाळला होता. काय बोलायचं ते त्यांनी शिकवलं होतं. घराला आरोग्य, शेताला पीक, आलेल्यांना जागा, असा काहीसा अर्थ. मी बोललो आणि आत शिरलो. कोपऱ्यात जुडी उभी केली.

टेबलावर कापडाखाली थोडं गवत पसरलेलं होतं. बारा पदार्थ, सगळे बिनमांसाचे, बिनदुधाचे. बिटाचं सूप, कोबीत गुंडाळलेला भात, बटाट्याच्या करंज्या, त्यांच्या उपासाला चालणारा मासा, सुक्या फळांचं पेय. शिरीष पुटपुटला, "उपास म्हणावा तर बारा पदार्थ. आपली एकादशी अशीच." मीनाने त्याला कोपराने ढोसलं.

मोरी-सानही होते. त्या बिचाऱ्याने माफी मागितली म्हणून हालिना-सानांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. पुन्हा कोट-टाय. बसण्याआधी हालिना-सानांनी खुर्चीवर हलकी फुंकर मारली आणि आम्हालाही मारायला लावली. गेलेल्यांपैकी कुणी आधीच बसलं असेल तर त्याच्यावर बसायचं नाही. मोरी-सानांनी फार गंभीरपणे फुंकर मारली, मग खुर्चीला वाकून नमस्कार केला आणि बसले. एक खुर्ची रिकामी होती, तिच्यापुढे ताट आणि चमचा.

इचिकावाहून त्यांच्या दोन मैत्रिणी आल्या. एकीने पार्सलच्या पुठ्ठ्याचा बोकडाचा मुखवटा घातला होता. त्या दारात उभ्या राहून गायल्या, अगदी हळू, कारण वसाहतीत आवाजाची तक्रार होते. मंडळाकडून पाच मिनिटांची परवानगी मोरी-सानांनीच मिळवून दिली होती आणि ते घड्याळाकडे पाहत होते. गाण्यात बोकड नाचता नाचता मरून पडतो आणि मग पुन्हा उठतो. तो उठला की पीक उठतं. मुखवटेवाली मैत्रीण गुडघे धरून कण्हत उठली तेव्हा सगळे हसले. मला लहानपणी पौषातल्या पहाटे मोरपिसांची टोपी घालून येणारा वासुदेव आठवला. आई सुपातून धान्य घालायची, तो घराण्यातल्या गेलेल्यांची नावं घेऊन दान पावल्याचं सांगायचा. आजोबांचं नाव त्याच्या तोंडून ऐकलं की मला वाटायचं, याची त्यांची रोज भेट होत असणार.

मैत्रिणींना करंज्या देऊन हालिना-सानांनी निरोप दिला. मग पहिला घास वाढला. शिजवलेला गहू, मध, अक्रोड, खसखस. आमच्या गावच्या उरुसातली खपल्याची खीर, फक्त गुळाऐवजी मध. पहिल्या चमच्याला मी पन्नास वर्षं मागे गेलो. "हा गहू कुठला?" मी विचारलं.

"माझाच," हालिना-सान म्हणाल्या. "पेंढीतल्या थोड्या ओंब्या आधी चोळून ठेवल्या होत्या. तेवढाच राहिला."

मोरी-सानांनी चमचा खाली ठेवला. ते उठले, कोपऱ्यातल्या जुडीपुढे वाकले, मग माझ्याकडे वळून वाकले. "माझ्या हातून घडलं," ते म्हणाले, "आणि ते तुम्ही, पाहुण्यांनी, भरून काढलंत. मला फार लाज वाटते. आभारी आहे."

हालिना-सान माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "चांगला माणूस आहे हा."

दुसरा घास माझ्या तोंडात तसाच होता. सगळ्यांचं जेवण थांबलं होतं. मीना माझ्याकडे पाहत होती. ती लहानपणापासून मला ओळखते. तिच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू उतरताना मला दिसलं.

घास गिळला. मी उठलो, मोरी-सानांच्या समोर जाऊन उभा राहिलो. जपानीत सुरुवात केली, दोन वाक्यांत शब्द संपले, मग मराठीत बोललो आणि मीना जपानीत सांगत गेली. एके ठिकाणी ती थांबली. मी म्हणालो, "सांग, जसं बोललो तसंच सांग." तिने सांगितलं.

"मोरी-सान, ती पेंढी तुमच्यामुळे गेली नाही. ती मी टाकली. कात्रीने तिचे तीन तुकडे केले, पिशवीला गाठ मारली, खाली आणून ठेवली. ओंबी हातात घेऊन पाहिली होती, गहू आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. सोमवारी संध्याकाळी हालिना-सान मीनाच्या घरी सांगत होत्या तेव्हा मी गप्प बसलो. काल तुम्ही वाकलात तेव्हा मी शेजारच्या दारात उभा होतो आणि गप्प बसलो. आजही भाताची जुडी देऊन मी आभार घेतले. मी मागायची माफी तुम्ही मागितलीत, दोनदा. हालिना-सान, ज्यांना मी आज आत आणायचं होतं त्यांना मीच बाहेर काढलं. माझ्याकडे सबब नाही. मोरी-सान, हालिना-सान, मला माफ करा."

मग मी वाकलो, आणि कुणी उठवेपर्यंत उठायचं नाही असं ठरवून तसाच राहिलो.